मागून हाक नको

त्या आठवड्यात सुरभीला ही गोष्ट तिसऱ्यांदा ऐकावी लागली, आणि या खेपेला सांगणारी वनिताकाकू होती. वनिताकाकूपर्यंत पोचलेली गोष्ट म्हणजे गावातल्या निम्म्या चुलींपर्यंत पोचलेली.

"तुजी सासू पोरीचा हात धरीत नाय गं," काकू अंगणाच्या कडेला उभी राहून म्हणाली. "बांधावरनं पोर म्होरं सुटलेली, आन ही आपली मागनं काठी टेकत. मला मेलीला बगून धडकी भरली."

"रियाला हात धरलेला आवडत नाही हो काकू." सुरभी हसून म्हणाली खरी, पण दोरीवर कपडे टाकता टाकता तिचा हात थांबला.

"चार वर्साच्या पोरीला काय इचारायचं, आवडतं का म्हनून? आन मी एवडी वरडून हाक मारली, तर गौराबाईनं मान वळवून बगितलं पन नाय. सून कंपनीत लागनार, मग मान आकडनारच."

काकू हे बोलून निघून गेली. सुरभीनं पिळलेलंच कापड पुन्हा पिळलं.

सोमवारपासून तिला मोहोपाड्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला लग्नानंतर पाच वर्षांनी, घरापासून एका बसच्या अंतरावर मिळालेली ही पहिली नोकरी. नवरा प्रवीण एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावर, कधी सकाळपाळी तर कधी रात्रपाळी. राहिली रिया. तिची अंगणवाडी शेताडीच्या पलीकडे. सडकेनं गेलं तर अर्धा तास, आणि त्या सडकेवर नव्या सोसायट्यांच्या बांधकामांचे डंपर. बांधावरून, ओढ्याचा साकव ओलांडून गेलं तर दहा मिनिटं. न्यायचं-आणायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. "तू जा गं कामाला. पोर माजी," एवढंच म्हणाल्या आणि लसूण सोलत बसल्या.

आणि गौराबाईंना तर धड चालता येत नव्हतं.

धड म्हणजे, तुम्ही-आम्ही चालतो तसं. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांना तापानं घेरलं. सतरा दिवस दवाखान्यात काढले. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कानांच्या आतला तोल घेऊन गेला. ऐकू सगळं यायचं. बसून राहिलं तर काही म्हणजे काही होत नव्हतं. उभं राहून चालायला लागलं, की पाय एकीकडे आणि जमीन दुसरीकडे. समोरची झाडं, घरं, माणसं, सगळं पावलागणिक हिंदकळायचं. अंधारात तर दोन पावलं टाकता येत नव्हती, तोंडावर साबण लावून डोळे मिटले तरी मोरीत कोसळायच्या. दारूच्या थेंबाला उभ्या जन्मात न शिवलेली बाई, आणि पहिल्या महिन्यात एक पाहुणा कुजबुजला होता, "म्हातारी घेते का काय?"

डॉक्टरांनी समजावलं होतं, की कानात तोल सांभाळणारं जे असतं ते दोन्हीकडचं गेलंय, परत येणं कठीण. आता डोळ्यांना आणि पायांना कानाचं काम शिकवायचं.

"म्हंजे ज्याचं काम त्यानं सोडलं, की शेजाऱ्यानं करायचं," गौराबाई म्हणाल्या होत्या. "आमच्या गावकीत तेच चालतं. जमंल."

आणि जमवलं, हे सुरभीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. कर्जतच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं शिकवलं, भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्यावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. अक्षर हलता कामा नये. गौराबाईंनी रियाच्या अंकलिपीतलं 'अ अननसाचा' हे पान भाताच्या शितानं भिंतीला चिकटवलं. रोज सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटं त्या अननसाशी भांडायच्या. पहिले दोन महिने त्यानंतर उलटी व्हायची. त्या तोंड धुऊन यायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या. "आज तीनदाच हाललं मेलं," असं अभिमानानं सांगायच्या. अंगणात रांगोळीची रेघ ओढून तिच्यावरून टाच-चवडा, टाच-चवडा चालायच्या. पंच रिया. "आज्जे, बाहेर! परत ये!" आजी मुकाट्यानं परत पहिल्यापासून.

सुरभीला या बाईचं कौतुक वाटायचं. पण कौतुक वेगळं आणि लेकरू सोपवणं वेगळं. रात्री रियाच्या अंगावर पांघरूण घालताना ती मनात बांधाची रुंदी मोजायची. एका पावलाची. फार तर दीड.

तिनं आपल्या परीनं उपाय केले नव्हते असं नाही. नेरळच्या बाजारातून जाड, मऊ तळव्यांच्या सँडल आणल्या होत्या, कापसावर चालल्यासारख्या. गौराबाईंनी त्या चार दिवस घातल्या आणि चार दिवसांत दोनदा धडपडल्या. पाचव्या दिवशी सँडल फडक्यात गुंडाळून फळीवर गेल्या. "लय ग्वाड हायेत," त्या म्हणाल्या, "पन माज्या पायाला जमीन काय बोलते ते आयकायला येत नाय." तेव्हापासून बांधावर त्या अनवाणीच. जिन्यावरून उतरताना सुरभी मागून त्यांचा दंड घट्ट पकडायची, तर त्या जागच्या जागी ताठ व्हायच्या. बोलायच्या काही नाहीत. सुरभीला वाटायचं, मानी बाई, आधार घ्यायला लाजते.

अजून एक बारीकशी गोष्ट तिनं टिपली होती. सकाळी ती रियाच्या केसांना गुलाबी रबर लावून द्यायची, आणि दुपारी रिया घरी यायची ती लांबलचक तांबडी रिबीन बांधून. विचारलं तर रिया म्हणायची, "आज्जीची गंमत." पोरीचे लाड, म्हणून सुरभीनं सोडून दिलं होतं.

वनिताकाकू बोलून गेली तो गुरुवार. शुक्रवारी सकाळी सुरभी म्हणाली, "आई, मी जरा दुकानात जाऊन येते," आणि दुकानाकडे न जाता करंजाच्या झाडाआड जाऊन उभी राहिली. सासूच्या पाळतीवर राहायची वेळ आली म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटत होती. पण सोमवारी कंपनीत जायचं की नाही, ते आज या झाडामागूनच ठरणार होतं.

भाताच्या लावण्या होऊन महिना झाला होता. खाचरं गुडघाभर हिरवी, मध्ये पाणी, आणि त्यांतून जाणारा बांध ओला. वेशीजवळ दोघी थांबल्या. गौराबाईंनी कनवटीची तांबडी रिबीन काढली आणि रियाच्या वेणीला बांधली. मग रिया बांधावर चढली, पाच-सहा पावलं पुढे गेली, थांबली. मागे न बघता ओरडली, "आज्जे, निघू?"

"नीघ."

निघाल्या. वनिताकाकू खोटं बोलली नव्हती. हात धरलेला नव्हता. पोर पुढे, आजी मागे, मधे चांगलं आठ-दहा हातांचं अंतर. सुरभी झाडाआडून निघाली आणि चप्पल हातात घेऊन मागोमाग बांधावर आली.

तेवढ्यात सडकेवरून गावातल्या गजाचा टेंपो आला. गजा कुणालाही हाकेविना सोडत नाही. या भागात रीतच ती. शेतातून जाणाऱ्याला "कुठं?" विचारायचं, आणि त्यानं वळून "हितंच" म्हणायचं. न विचारणारा शिष्ट आणि न वळणारा त्याहून शिष्ट.

"ओ गौराकाकी! कुठं निघाली स्वारी?"

गौराबाई वळल्या नाहीत. आधी थांबल्या. काठी बांधात रोवली. उजवा पाय उचलून आडवा ठेवला, मग डावा त्याच्याजवळ आणला. आणि मग मान, खांदे, कंबर सगळं एकदम, देवळातली मूर्ती फिरवावी तसं सडकेकडे फिरवलं. पुढे रियाही थांबली होती. तिनं सडकेकडे बघून हात वर केला, वाहतूक पोलिसासारखा.

"गजाकाका, थांब! आज्जी वळते!... हां. आता बोल."

गजा खिडकीतून हसला. "बोलतो बाये. कुठं?"

"हितंच रं, पोरीच्या साळंला," गौराबाई म्हणाल्या.

टेंपो गेला. पुन्हा तशाच आडव्या-उभ्या पायांनी गौराबाई सरळ झाल्या. सुरभी जागच्या जागी उभी. मान आकडली म्हणे! हे वळणं एका हाकेसाठी, आणि सकाळच्या दहा मिनिटांत किती जण हाका मारत असतील. वनिताकाकूची हाक त्यांनी ऐकली नसेल असं नाही. त्या दिवशी वळायला जागाच नसेल पायाखाली.

साकव आला. जुना, फरसबंदी, एका बाजूला लोखंडी कठडा आणि दुसरी बाजू मोकळी. ओढा फार खोल नाही, पण पाणी धावत होतं. साकवाच्या अलीकडे रिया एकदम वाकली. बांधाच्या कडेला खेकडा होता. तो बिळात सरकला तशी ती आणखी वाकली, एक पाय उचलून.

सुरभीला काही सुचलं नाही. आईच्या गळ्यातून जे निघतं तेच निघालं.

"आई! धरा तिला! रिया!"

गौराबाईंनी मागून आलेला तो ओरडा ऐकला, आणि काठी, पाय, सगळं विसरून गरकन मान वळवली.

पडल्या. पण सुरभीनं जे पाहिलं ते तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. तोल सुटला तेव्हा त्यांनी काठी पोरीपासून लांब, दुसऱ्या बाजूच्या खाचरात फेकली. सावरायला हात मारले नाहीत. गुडघे सोडले, पाठ वाकवली, आणि पाटावर बसावं तशा खाचराच्या चिखलात बसल्या. फचाक्. भाताची चार रोपं आडवी झाली, एवढंच.

आणि रिया धावली नाही. ओरडलीही नाही. खेकडा सोडून होती तिथेच बांधावर मांडी घालून बसली.

धावली ती सुरभी. दोन कान शाबूत असलेली, एकोणतीस वर्षांची, कॉलेजात खो-खो खेळलेली सुरभी चौथ्या ढांगेला घसरली आणि सासूच्या मागेच, त्याच खाचरात मांडीपर्यंत रुतली. एक चप्पल तरंगत गेली.

मग गौराबाईंच्या खांद्यांना हुंदके आल्यासारखं झालं. पण ते हसू होतं.

"तू दुकानात गेलीवतीस ना गं?" त्या म्हणाल्या. "हितं कुटं दुकान निगालं?"

"आई, लागलं का? कुठं लागलं? मी उगाच ओरडले. तिनं पाय उचलला, मला वाटलं..."

"लागलं नाय. चिखुल हाय, गादी हाय. बांधावर पडाया लागलं तर खाचराकडंच पडायचं, हे मी ठरवूनच ठेवलंय."

"मम्मी," रिया बसल्या जागेवरून म्हणाली, "आज्जी पडली की आपण बसायचं. उठायचं नाय. आज्जी सांगंल तवाच उठायचं. तू का पळालीस?"

सुरभी चिखलातून सासूकडे सरकली आणि सवयीनं त्यांचा दंड पकडायला हात पुढे केला. गौराबाईंनी तो हात अलगद बाजूला केला.

"नको. तू मला धरू नको. धरलंस की तुज्या ओढीनं मी हालते. मला तुला धरू दे. हात नुसता म्होरं ठेव, खुंटीवानी."

सुरभीनं हात पुढे केला आणि खुंटीवानी ठेवला. गौराबाई आधी गुडघ्यांवर आल्या. एक तळहात बांधावर, दुसरा सुरभीच्या मनगटावर. मग थांबल्या. त्यांचे डोळे पुढे कुठेतरी लागले होते. सुरभीनं त्या नजरेमागे बघितलं. हिरव्यागार शेताडीत तांबडी रिबीन.

"चालताना समदं नाचतं गं," गौराबाई तिकडेच बघत म्हणाल्या. "डोंगूर पन नाचतो. ती बी नाचते, पन लाल हाय म्हनून हरवत नाय. ती म्होरं असली की पाय सरळ पडतात. तुज्या त्या गुलाबी रबराला लांबी नाय, ते दिसत नाय मला. रागवू नकोस."

"आणि म्हणून तुम्ही तिचा हात..."

गौराबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. चिखलाची साडी पायांना चिकटलेली. त्यांनी खाली, आपण पडलो त्या जागी, नजर टाकली. चिखलात बसकण उमटली होती, चांगली रुंद, आणि तिच्यात पाणी भरत होतं.

"हात धरला असता, तर आत्ता ती हितं असती. माज्याखाली."

सुरभी त्या खळग्याकडे बघत राहिली. गेले पंधरा दिवस ती मनात बांधाची रुंदी मोजत होती. हा हिशेब तिच्या बी.एस्सी.ला सुचला नव्हता. तो ज्या बाईला सुचला, तिनं तो गावाच्या टोमण्यांसकट पोटात ठेवला होता.

"मला सांगायचं नाही का आई?"

"काय सांगू? की मी पडनार हाय, म्हनून असं करते? तू नोकरी सोडून बसली असतीस." त्यांनी पदर पिळला. "आन साकवावर तिला कठड्याच्या अंगानं चालवते. ती पल्याड जाऊन उभी ऱ्हायली की मग मी. तेवडं तरी वनितानं सांगितलं का?"

"नाही."

"ती कशाला सांगंल."

"आई, भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते. वेशीजवळ रिबीन बांधताना गाठ दोनदा सुटते माजी." त्या सहज बोलल्या, भाजीत मीठ किती हे सांगावं तशा. "पन भ्यायलं म्हनून पाय थोडाच थांबवायचा? थांबवला, की मग खाटंवरच. फिजोवाली पोर तेच म्हनली. म्हनली, आजी, जेवडं चालाल तेवडं डोकं शिकंल."

सुरभीनं काठी शोधून आणली, ओढ्याच्या पाण्यात धुतली आणि समोर येऊन त्यांच्या हातात दिली. समोर येऊन. तिचं तिलाच ते जाणवलं.

"आता घरी जाऊ या. कपडे बदला."

"घरी? आन साळा? खिचडी निवंल तितली. चिखुल वाळला की झडतो." आणि मोठ्यानं, "रिये! ऊठ आता. नीघ!"

रिया उठली. पुढे रिबीन, मध्ये आठ हात मोकळे, मग गौराबाई, आणि सगळ्यात मागे उरलेली एक चप्पल हातात घेतलेली सुरभी, तोंड घट्ट मिटून. साकवावर रियानं कठडा धरला, पलीकडे गेली, पाठमोरीच दगडासारखी उभी राहिली. गौराबाईंनी त्या मोकळ्या बाजूकडे एकदाही बघितलं नाही. टाच-चवडा, टाच-चवडा. अंगणातली रांगोळीची रेघ कुणीतरी उचलून साकवावर अंथरावी तशा त्या गेल्या. मागून बघणाऱ्या सुरभीचे डोळे भरून आले होते, आणि तिला नाक ओढायचीसुद्धा भीती वाटत होती, आवाज होईल म्हणून.

त्याच संध्याकाळी ती वनिताकाकूच्या ओट्यावर गेली.

"काकू, आईंना मागून हाक नका मारू. पुढं येऊन बोला. मागून हाकेला वळल्या की तोल जातो त्यांचा. आज माझ्याच हाकेनं पडल्या."

"अगं बया!" काकूच्या हातातली सुपली खाली आली. "मग आमी काय दर टायमाला म्होरनं प्रदक्षिना घालून यायचं?"

"हो."

काकूनं तिच्याकडे बघितलं. मग सुपली पुन्हा उचलली. "निगालेल्या मानसाला मागनं हाक मारू नये म्हनायची माजी आजी," ती पाखडता पाखडता पुटपुटली. "आमाला वाटायचं, म्हातारीचं खूळ."

सोमवारी सकाळी सुरभीनं रियाच्या दोन वेण्या घातल्या आणि दोन्हींना तांबड्या रिबिनी बांधल्या. एक सुटली तर दुसरी असावी म्हणून, आणि दुहेरी गाठ. सूचनांची एक लांब यादी तिच्या ओठांवर आली होती. ती तिनं डब्याच्या झाकणाबरोबर दाबून बंद केली. गौराबाई अननसापुढे उभ्या होत्या, मान डावी-उजवी. सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "जा गं. बस जाईल."

प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुताना एक वाजेपर्यंत सुरभीनं फोनकडे किती वेळा बघितलं, ते मोजण्यात अर्थ नाही. एक वाजून दहा मिनिटांनी प्रवीणचा मेसेज आला. "दोघी घरी. आई जेवत्ये. रिया म्हणते खेकडा परत दिसला."

संध्याकाळी कंपनीची बस तिला फाट्यावर सोडून गेली. उन्हं उतरली होती, अजून चांगला उजेड होता. बांधाच्या तोंडाशी येते तो समोरून दोघी येत होत्या. तिला घ्यायला. पुढे रिया, मागे काठी. शेताडीच्या मधोमध वनिताकाकू गवताचा भारा घेऊन उभी होती. ती हाक मारायला तोंड उघडतेय असं वाटलं, पण तिनं नुसता हात वर केला, आणि वळसा घालून, चिखल तुडवत, गौराबाईंच्या पुढच्या बाजूला येऊ लागली.

सुरभीच्या पोटात दिवसभराचं सगळं साठलेलं होतं. ओरडून सांगावं, आई, जमलं! नळ्यासुद्धा फुटल्या नाहीत! ती बांधाच्या टोकाला उभी राहिली, दोन्ही हातांनी पर्स धरून, गप्प. गौराबाईंचे डोळे रिबिनीवरून हळूच उचलले गेले आणि तिच्यावर येऊन टेकले. सुरभी हलली नाही. पाऊल, पाऊल, पाऊल. काठी तिच्यापुढे दोन हातांवर येऊन रोवली गेली.

रियानं आधी आजीच्या पायांकडे बघितलं. दोन्ही जमिनीवर होते.

"हां मम्मी," ती म्हणाली. "आता बोल."